संपल्यावर बंद केली तरी चालेल

टेम्पोचा हॉर्न तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सिंधूबाई अजून काउंटरपाशीच होत्या. मागे दहा-बारा गिऱ्हाइकं. सगळ्यांना ऊसतोडीला निघायच्या आधी औषधं हवी होती. त्या वर्षी आष्टी तालुक्यात पाऊस झालाच नव्हता. एरवी गावात राहणारी माणसंही निघाली होती. सिंधूबाई आणि त्यांचा नवरा दगडू त्यांच्यापैकीच.

मी खरेदी-विक्री संघाच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे.

"भाऊ, पाच महिन्याच्या द्या," त्या म्हणाल्या. "तिकडं कुठं हुडकत बसू?"

चिठ्ठी बीडच्या डॉक्टरांची. गोळी एस्सिटालोप्रॅम, दहा मिलिग्रॅम, रोज एक. नैराश्यावरची. ही गोळी 'शेड्यूल एच'मध्ये येते. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि चिठ्ठीत लिहिलंय तेवढीच द्यायची. चिठ्ठीत तीस दिवस होते.

"तीस म्हणजे तीस," मॅनेजर खुर्चीतूनच म्हणाले. "तपासणी आली तर उत्तर कोण देणार?"

त्यांचं चूक नव्हतं. पण चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर छापलेला होता. फोन केला असता तर पुढचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं असतं. पाच मिनिटं लागली असती. रांग कुरकुरली असती, एवढंच.

"आता कसं वाटतंय?" मी विचारलं.

"लई बरं हाय. भाकर गोड लागायली. परवा हसले तर पोरगी बघतच राहिली माझ्याकडं."

"मग झालं तर. एवढ्या संपल्यावर बंद केली तरी चालेल."

हे वाक्य मी बोललो. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं.

ते चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. ही काही तापाची गोळी नव्हे. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. बरं वाटतं ते गोळी चालू असते म्हणून, त्यामुळे बरं वाटल्यावरही ती कित्येक महिने घ्यायची असते. थांबवायची तर डॉक्टरांनी ठरवून, डोस हळूहळू उतरवत. एकदम सोडली तर चक्कर येऊ शकते, मळमळतं, झोप उडते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. मूळ आजारही परत येऊ शकतो. परीक्षेत हे सगळं लिहून मी पास झालोय.

तोडीचा हंगाम संपायच्या पुष्कळ आधी बायकोला घेऊन गावी परतलेला दगडू दुकानात आला. काउंटरवर त्याने रिकामी पट्टी ठेवली.

"तुमी म्हणला होता ना, बंद करा म्हणून?"

"हो."

"मग बराबर केलं तिनं."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. गोळ्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत बाईंना उसाच्या फडात गरगरायला लागलं. डोक्यात विजा होतात म्हणायच्या. पुढे रडणं सुरू झालं, मग जेवण सुटलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकजण खाली बसला की अख्खा कोयता बंद.

"मुकादम म्हणला, हिला गोळीची नशा लागली हाय. टोळीतल्या बायांनी तिच्या हातचं पाणी पिणं सोडलं. ती बी तेच धरून बसली. म्हणती, मी नशा करत होते."

मी त्याच्यासमोरच स्पीकर चालू करून बीडला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "पेशंटला घेऊन यायला सांगा. पुन्हा सुरू करू." मग त्यांनी विचारलं, "बंद करायला कुणी सांगितलं?"

दगडू माझ्याकडे बघत होता. "नाव सांगू का तुमचं?"

"मीच सांगतो," म्हणालो आणि सांगितलं. मॅनेजरांनी पेपर वर धरला.

बाईंना बीडला दाखवून गोळी पुन्हा सुरू झाली आणि त्यानंतर दर महिन्याला दगडू चिठ्ठी आणून गोळ्या न्यायचा. "घेतात ना?" मी विचारायचो. "घेती," तो म्हणायचा. मला तेवढं ऐकायचंच होतं. म्हणून पुढचं विचारलं नाही. दरम्यान त्यांच्या गावातल्या दोघी बीपीच्या गोळ्या न्यायला यायच्या थांबल्या. निरोप पाठवला, तर उत्तर आलं, आमाला नशा न्हाई करायची.

चौथ्या महिन्यात दगडूने चिठ्ठी पुढे केली आणि मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं.

"न्हाई घेत. आधी जिभंखाली धरायची अन् भिंतीकडं तोंड करून थुकायची, पयली पट्टी अशीच गेली, आता हातातच धरत न्हाई. दिसभर दारात बसती. पोरगीच भाकरी थापती आता."

"मग नेलेल्या गोळ्या?"

"फळीवर हायत."

त्या सगळ्या आणायला मी त्याला तसाच परत पाठवला. नैराश्याचा पेशंट असलेल्या घरात गोळ्यांचा साठा ठेवायचा नसतो. औषधं घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, कुलपात, आणि थोडीच. हेही पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. डॉक्टरांना कळवलं. पुढच्या आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या नर्सबाई घरी जाऊन आल्या. सिंधूबाई त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मी परत पाठवलं त्याच दुपारी दगडू गोळ्यांची पिशवी घेऊन आला होता. मी पट्ट्या काउंटरवर मांडल्या. थुंकण्यात गेलेली पहिली पट्टी सोडली तर बाकी सगळ्या जशाच्या तशा. फक्त एका पट्टीत गोळीचं एक घर फुटलेलं.

"ही घेतली वाटतं त्यांनी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच आशेचा वाटला.

"ती मी खाल्ली," दगडू म्हणाला. "तिला आत काय होतंय ते कळंल म्हणून."

"मग?"

"काय न्हाई कळलं."

दुसऱ्याच्या नावाची गोळी आपण घ्यायची नसते. हे मी त्याला तेव्हा सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.