साबणकाकांनी नाकारलेली चंद्रकोर

माझ्या मेहुण्याला धक्क्यावरची माणसं साबणकाका म्हणत. घरी आम्ही त्यांना दादा म्हणतो, कारण माझी बायको म्हणते. साबणकाका हे नाव ज्यांनी पाडलं त्यांना ते फार विनोदी वाटलं होतं. स्वतःच्या बोटीखाली किती पाणी आहे हे ज्यांना ठाऊक नसतं, त्यांना विनोद लवकर सुचतात.

दादा एकतीस वर्षं बंदराच्या मोजणीच्या बोटीवर होते. दोरीला बांधलेलं शिशाचं वजन पाण्यात सोडायचं आणि तळ किती खोल आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या वजनाच्या बुडाला एक खळगा असतो. त्यात दादा कपडे धुवायचा साबण मळून भरत. वजन वर आलं की साबणाला वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा, जे काही चिकटलेलं असेल तो खालचा तळ. साबण कोरा आणि चेपलेला आला तर खाली कातळ. पुढे बंदरात यंत्रं आली, पडद्यावर आकडे दिसू लागले, तरी दादांचा साबण काही सुटला नाही. "यंत्र खोली सांगतं," ते म्हणायचे, "पण नांगर खोलीला धरत नाही, तळाला धरतो."

ते निवृत्त झाल्यावर मीच त्यांना आमच्या नौकाविहार मंडळात आणलं. मंडळ म्हणजे बोटींच्या गोदामावरच्या दोन खोल्या, एक गंजलेलं कपाट, कुरकुरणारा पंखा आणि सभासदांच्या मिळून सहा बोटी. मी सचिव. माझी स्वतःची बोट नाही. अक्षर चांगलं म्हणून सचिव. वर्षातून एकदा मंडळाची शनिवार-रविवारची सहल निघे. बहुतेक सगळे सहकुटुंब जायचे, कुठल्यातरी आडोशाला बोटी नांगरून मुक्काम करायचे आणि रविवारी परतायचे. तो आडोसा कुठला, हे दादा ठरवत. पंधरा दिवस आधी छोटी होडी घेऊन ते एकटेच जात, दोन-तीन जागी साबण बुडवून येत आणि सांगत, "इथे टाका. वारा फिरला तर अमुक बाजूला सरका." बस. पुढचं-मागचं काही नाही.

माणसाजवळ मिरवायला काहीतरी लागतं. दादांची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, राहायला दीड खोली. त्यांच्याकडे मिरवायला एकच गोष्ट होती. सहलीहून सगळे सुखरूप परतले की धक्क्यावर उभं राहून ते माझ्या कानाशी म्हणत, "भाऊजी, माझ्या शब्दावर टाकलेला नांगर आजवर सरकला नाही." वर्षातून एकदा, एवढंच. मग सायकल काढून घरी.

त्या वर्षी मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले, दातांचे डॉक्टर. त्यांनी मोठी पांढरी बोट घेतली होती आणि तिच्यावर मला जागा देऊ केली होती. आजवर मी लोकांच्या बोटीत डब्यांच्या ढिगाऱ्यामागे बसून गेलेला माणूस. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून "सचिवसाहेब, तुम्ही माझ्याबरोबर" म्हटलं आणि मी पाघळलो. उगाच सारवासारव कशाला करू?

डॉक्टरांनी दादांची नेहमीची चिखलखाडी मोडीत काढली. तिथे डास, वास आणि बुटाला लागणारा गाळ. त्यांना हवी होती चंद्रकोर. पांढरी वाळू, निळं पाणी, अर्धगोल किनारा. बैठकीत त्यांनी भिंतीवर तिचे फोटो लावले. शिवाय सहाही बोटी एकमेकींना बांधून मधोमध ठेवायच्या, म्हणजे या बोटीतून त्या बोटीत सहज जाता येईल आणि एकच पंगत बसेल, असा त्यांचा बेत होता.

दादा चंद्रकोर पाहून आले होते. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला साबणाचा गोळा टेबलावर ठेवला. गोळा कोरा होता आणि एका बाजूने चेपला होता.

"वाळू नुसती किनाऱ्याला आहे, पाण्याखाली सगळा कातळ," दादा म्हणाले. "आणि समुद्राकडची बाजू उघडी. वारा तिकडून आला तर नांगर घसरणार. त्यात सहा बोटी एकत्र बांधल्या तर एक घसरली की सगळ्या घसरल्या."

"काका," डॉक्टर म्हणाले, "साबण कपड्यांना लावायचा असतो हो. समुद्राला काय लावताय?"

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. दादा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. ते म्हणाले, "हवा चांगली राहिली तर काही होणार नाही. पण हवेवर भिस्त ठेवायची तर आडोसा शोधायचाच कशाला?"

डॉक्टरांनी हात वर करायला सांगितले. चंद्रकोरीसाठी एकेक हात वर जाऊ लागला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, दादांनीही पाहिलं. मी हात वर केला. पूर्ण वरही नाही, कानापर्यंत. पण मोजणाऱ्याने मोजला.

आमच्या मंडळात एक रीत होती. बैठकीत भांड्याला भांडं लागलं तरी इतिवृत्तात "सर्वानुमते ठरले" असंच लिहायचं. कपाटातल्या सगळ्या वह्या त्या शब्दाने भरल्या आहेत. मतभेद लिहिणं म्हणजे घरची भांडणं वेशीवर टांगणं, असं जुने सभासद म्हणत. मीही रीतीप्रमाणे लिहिलं. मग बंदर अधिकाऱ्यांकडे द्यायचा सहलीचा अर्ज भरला. त्यात "नांगरण्याची जागा कोणी निवडली" असा एक रकाना असतो. दर वर्षी तिथे दादांचं नाव असे. हाताला वळण पडलं होतं. मी तेच लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं होतं, हे मान्य करतो. खोडून दुसरं नाव लिहायचं तर डॉक्टरांचं लिहावं लागलं असतं.

दोन्ही कागदांवर दादांनी न वाचता सह्या केल्या. माझ्या अक्षरावर त्यांचा विश्वास होता. जिना उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "तुम्ही जा. पण माझ्या बहिणीला नेऊ नका. तशीही ती पाण्याला घाबरते."

खरोखरच माझी बायको कधी सहलीला आली नव्हती. पण डॉक्टरांच्या बोटीवर सगळे जोडप्याने येणार होते. "सचिवसाहेब, वहिनींना घरी डांबून ठेवता की काय?" डॉक्टरांनी चारचौघांत विचारलं आणि मी ओशाळलो. घरी येऊन मी बायकोच्या मागे लागलो. ती नाही नाही म्हणत होती. शेवटी तिने विचारलं, "जागा दादाने बघितली आहे ना?"

"बघितली आहे," मी म्हणालो.

"मग येते."

शनिवार सुंदर गेला. फोटोत होती तशीच चंद्रकोर होती, पाणी आरशासारखं. सहा बोटी शेजारी शेजारी बांधल्या, दोन नांगर टाकले, एकच पंगत बसली. बायको चक्क पाण्यात पाय सोडून बसली. दादांना आम्ही बोलावलं नव्हतं. आता तिथे त्यांचं काय काम, असं डॉक्टर म्हणाले होते आणि मला ते सोयीचं वाटलं होतं.

रविवारी सकाळी चहाचं पाणी उकळत असताना वारा समुद्राकडून वळला. वादळ वगैरे काही नव्हतं. गावात त्या वाऱ्याने वाळत घातलेले कपडे उडाले असते, इतकाच वारा. पण लाटा थेट आत येऊ लागल्या. नांगराच्या दोरातून खरवडल्यासारखा आवाज बोटीच्या लाकडात चढला आणि सहाही बोटी एका गठ्ठ्याने खडकांकडे निघाल्या. कुणी दोर सोडत होतं, कुणी तेच दोर आवळत होतं. डॉक्टर इंजिनाची किल्ली शोधत होते. माझ्या बायकोने दोन बोटींमधली धडक अडवायला हात पुढे केला. घाबरलेलं माणूस असंच करतं. कुणीतरी सांगायला हवं होतं, की दोन बोटींच्या मध्ये हात कधी घालू नये.

तीन बोटी फुटल्या, जीव कुणाचा गेला नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिरडली. ती आता वळत नाहीत.

चौकशी झाली. बंदर अधिकाऱ्यांची खोली, मधे टेबल, टेबलावर आमचं इतिवृत्त आणि अर्ज. एका बाजूला डॉक्टर, मी आणि दोन सभासद. समोर एकटे दादा, इस्त्री केलेला शर्ट घालून आलेले. अधिकारी तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी कागद वाचले आणि दादांना विचारलं, "जागा तुम्ही निवडली असं इथे लिहिलंय. ठराव सर्वानुमते झाल्याचंही लिहिलंय. सह्या तुमच्याच ना?"

दादांनी कागद जवळ ओढले आणि पहिल्यांदा वाचले. माझं अक्षर सुवाच्य आहे. त्यांना वेळ लागला नाही. वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर छताकडे पाहत होते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, देव जाणे.

"सह्या माझ्याच आहेत," माझ्या आधी दादा म्हणाले.

"म्हणजे जागा तुम्हीच निवडली?"

"कागद तसं म्हणतोय ना. लिहून घ्या."

त्यांचा होडी चालवण्याचा परवाना रद्द झाला. मंडळाला सक्त ताकीद मिळाली. ती फाइलला लागली.

बाहेर पडल्यावर मी त्यांच्या सायकलीबरोबर चालत राहिलो. "दादा, मी बोलणार होतो," मी म्हणालो.

"खोटं बोलणार होतात," ते शांतपणे म्हणाले. "तेवढं तुमच्या तोंडून ऐकलं असतं तर मला पुन्हा तुमच्या घरी जेवता आलं नसतं. बहीण एकच आहे मला. म्हणून आधी बोललो."

मला रडू आलं. आपल्यासाठी कुणीतरी इतकं केलं याचं समाधान त्या रडण्यात जास्त होतं, आणि त्याची मला आजही किळस येते.

पुढच्या रविवारी दादा नेहमीप्रमाणे जेवायला आले. बायकोने डाव्या हाताने वाढलं. पळी घसरत होती, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. दादा खाली मान घालून जेवत होते. ते उठून निघेपर्यंत हा विषय निघू नये, असं मी मनात घोकत होतो.

"दादा," ती म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. एवढी वर्षं लोकांना जागा दाखवल्यास. त्या दिवशी झालं काय रे तुला?"

दादा भात कालवत राहिले.

"मी जाणारच नव्हते," ती म्हणाली. "मी यांना विचारलं, दादाने जागा बघितली आहे ना? हे म्हणाले, बघितली आहे. तेवढ्यावर चढले रे मी बोटीत. तुझ्या नावावर गेले."

दादांचा घास ताटाजवळच थांबला. हे त्यांना माहीत नव्हतं. कागदांचं त्यांना कळलं होतं, माझ्या भित्रेपणाचं कळलं होतं. त्यावर पाणी सोडून ते जेवायला आले होते. मी तिला त्यांचं नाव सांगून नेलं, हे मात्र आत्ता कळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. समोर अधिकारी नव्हता, डॉक्टर नव्हते, घरचीच दोन माणसं होती. मी पाण्याचा पेला उचलला.

"हो गं," दादा तिला म्हणाले. "बघितली होती मी. चुकलं माझं."

त्यांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि सायकल काढली. त्याला आता चार वर्षं झाली. दादा आमच्या घरी आलेले नाहीत. बायकोला वाटतं, तिच्या हाताकडे पाहवत नाही म्हणून ते लाजेनं येत नाहीत. "माफ केलंय म्हणून सांगा त्याला," ती मला दर महिन्याला सांगते, आणि मी म्हणतो, सांगतो.