न उलटलेली फळी

दिल्लीच्या कडेला असलेल्या इमारती लाकडाच्या एका वखारीत मी काही वर्षे नवीन तपासनीसांना शिकवत असे. सागवानाची फळी हाती आली की तिच्या दोन्ही बाजू पाहायच्या आणि श्रेणी ठरवायची ती वाईट बाजूवरून, हा आमचा पहिला पाठ. चांगल्या बाजूवर भाळणारा माणूस या कामाचा नव्हे, असे मीच सांगत आलो होतो.

एका तुकडीत विदर्भातली मुलगी होती. दिल्लीतल्याच मुनिरका वस्तीत खोली घेऊन राहत असे. घरच्यांनी तिला एक वर्ष दिले होते. उत्तीर्ण झाली तर वखारीतच नोकरी, नाहीतर गावी परत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कामगारांनी विश्वकर्म्याची पूजा केली आणि रचलेल्या फळ्यांतील सर्वांत वरच्या फळीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले. दुसऱ्या दिवशी तीच फळी तिच्या वाट्याला आली. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी बसले होते. मी फळ्यांपाशी उभा होतो. उलटण्यासाठी तिने कडेला हात घातला, तेव्हा मी हलकेच म्हणालो, "पूजेची आहे ती. पालथी घालू नये."

ती थबकली. "सर, पण मागची बाजू?"

"देवाचं चिन्ह आहे, मुली."

तिच्या घरी बुद्धवंदना होई. ते कुंकू माझ्या श्रद्धेचे होते, तिच्या नव्हे. तरीही तिने हात मागे घेतला आणि फळीला पहिली श्रेणी दिली. परीक्षकांनी उठून ती सहज उलटली. मागे हातभर लांब चीर होती. आमचे मराठी बोलणे त्यांना कळले नव्हते. उलटून का पाहिली नाही, असे त्यांनी विचारले. तिने एकदाच माझ्याकडे पाहिले.

"ग़लती हो गई, सर."

परीक्षकांनी तिला अनुत्तीर्ण ठरवले आणि मी पुढच्या उमेदवाराला हाक मारली. तीन दिवस संध्येला बसलो, पण आचमनाचे पाणी तळहातावरच राहिले.

चौथ्या दिवशी परीक्षकांना सर्व सांगितले. त्यांनी फेरपरीक्षेचे पत्र दिले. ते घेऊन मुनिरक्याला गेलो, तर खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, "बाबूजी, वो तो कल ही गाँव चली गई."

तिचा फोन लागला नाही. आजही लागत नाही. गावच्या पत्त्यावर पाठवलेले ते फेरपरीक्षेचे पत्र परत आले. ते मी नित्यपाठाच्या पोथीत ठेवले आहे. रोज ते ठेवलेल्या अध्यायाशी आलो की ते उचलून बाजूला करावे लागते. त्याशिवाय खालचे श्लोक वाचता येत नाहीत.