फौजदाराची विचारपूस

फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि सोलापुरातच दोन खोल्या घेऊन राहिलो. डोक्यात एक पुस्तक होतं, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या माणसांचं. त्या कामांवर बंदोबस्ताला मीही होतो, पण हातात काठी असली की समोर फक्त गर्दी दिसते. आता मला माणसं हवी होती. कादंबरी-बिदंबरी नको, ज्याचं त्यानं सांगितलेलं, खरं तेवढंच लिहायचं.

लेंगा-सदरा घालून मंद्रूपच्या बाजाराला गेलो. शेरडं विकायला बसलेला एक म्हातारा ओळखीचा निघाला. दुष्काळात सगळं घर घेऊन तो खडीवर होता. मी शेजारी टेकलो, चहा मागवला आणि म्हटलं, "बाबा, त्या वेळचं जरा सांगा की."

त्यानं मला ओळखलं. उठून उभा राहिला आणि नाव, वय, धंदा, राहणार कुठला, सगळं एका दमात सांगून टाकलं. वर म्हणाला, "मला काय ठावं न्हाय, सायेब. मी आपला खाली मान घालून खडी फोडत हुतो."

"अहो, मी आता साहेब नाही."

"व्हय, सायेब."

चहाला त्यानं हात लावला नाही. राग मला माझाच आला, पण निघाला त्याच्यावर. "बसा म्हणतो ना!" असा ओरडलो की आजूबाजूचा बाजार गप्प झाला.

कुंभारी गावातही तेच झालं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. खाकी कधीच उतरवली होती, तरी मी तिच्यातच कोंडलेला होतो, आणि कुणी एक जण तरी मोकळं बोलल्याशिवाय माझं पुस्तक होणार नव्हतं.

शेवटी म्हटलं, घरातूनच सुरुवात करावी. त्या वर्षी पोलीस लाइनीत पाण्याची बोंब, धान्याची बोंब, आणि मी सदा बाहेर. बायकोनं एकटीनं सगळं निभावलं होतं. ती भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो आणि जमेल तितक्या मऊ आवाजात विचारलं, "दुष्काळात तुझं कसं गेलं? खरं सांग. लिहायचंय मला."

तिनं तवा उतरवला. पिठाचे हात पुसले, पदर डोक्यावर सारखा केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सगळं बरं हुतं. माझी कुणाबद्दल कायबी तक्रार न्हाय."