शिट्टी वाजेपर्यंत जेवण नाही

क्रीडा पत्रकार मैदानावर खेळ बघायला जातात, असा लोकांचा समज आहे. असू दे. आम्ही जेवायला जायचो आणि जाता जाता खेळ बघायचो. यात आम्हाला कधी लाज वाटली नाही, कारण आमच्या फुटबॉल क्लबचं जेवण करणाऱ्या काकूंच्या हाताला चव होती.

पत्रकारांची बसायची जागा स्टँडच्या अगदी वर, आणि काकूंचं स्वयंपाकघर बरोबर तिच्या खाली, अरुंद जिना उतरून. एक ट्यूबलाइट, एक घरघरणारा पंखा, रेक्झिन टाकलेली दोन लांब टेबलं. खिडकी नाही. स्टँड डोक्यावर असूनही काकूंना सामना दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. वरती लोक उठून उभे राहिले की छताची धूळ खाली पडायची, म्हणून त्या पातेल्यांवरची झाकणं कधी हलवू द्यायच्या नाहीत.

झाकणाला हात लावणाऱ्याच्या बोटांवर पळी बसायची, मग तो संपादक असला तरी. नावं त्यांनी कुणाचीच लक्षात ठेवली नाहीत. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ पत्रकाराला त्या 'बिनमिठाचे' म्हणायच्या, कारण त्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मला म्हणायच्या 'दोनदा'. भात मी दोनदा घ्यायचो, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आता आमची एक रीत सांगतो, जी बाहेर कुणाला ठाऊक नसते. मध्यंतराची शिट्टी व्हायच्या थोडं आधीच आम्ही एकेक करून उठायचो. कुणाला फोन आलेला असायचा, कुणाला पाय मोकळे करायचे असायचे, आणि सगळे मोकळे पाय त्या जिन्यानेच खाली जायचे. उशिरा येणाऱ्याच्या ताटात नुसता रस्सा पडायचा. गंमत अशी की आम्ही ताट हातात घेतलं की हमखास गोल व्हायचा. वर एकच गलका, छताची धूळ, आणि खाली आम्ही तोंडात घास धरून एकमेकांना विचारणार, "कुणी मारला?"

"मला विचारू नका, मी इथेच होते," काकू म्हणायच्या.

मग कोपऱ्यातल्या टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आम्ही तो असा रंगवायचो की वाचणाऱ्याला वाटावं, आम्ही गोलपोस्टला टेकूनच उभे होतो.

ही रीत पुरुषांच्या सामन्यांची. महिलांच्या सामन्याला टीव्हीवाले येत नसत, क्लब पत्रकारांना जेवण देत नसे, आणि जेवण नाही म्हणून आम्हीही फिरकत नसू. तो निकाल क्लबकडून फोनवर यायचा आणि पेपरात कोपऱ्यात एका ओळीत बसायचा.

त्या महिला संघाची गोलकीपर होती काकूंची लेक. उंच, अबोल, गुडघे कायम सोललेले. कधीमधी आईला भांडी उचलायला मदत करायची, तेव्हा आम्ही तिला "काय, जिंकलात का?" असं विचारायचो आणि उत्तर यायच्या आत टीव्हीकडे वळायचो.

एक दिवस ती घरी आली आणि हातमोजे कोपऱ्यात फेकून बसली. क्लबच्या सेक्रेटरींनी मुलींना सांगितलं होतं की हा हंगाम शेवटचा. पुढच्या बैठकीत महिला संघ बंद करायचा ठराव येणार होता. तुमचं कुणी बघत नाही, कुणी लिहीत नाही, मग संघ चालवायचा कुणासाठी, असा त्यांचा सरळ हिशेब. हंगामातला एकच सामना उरला होता.

काकूंनी लेकीला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरींच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या.

"रविवारी मुलींच्या सामन्याला पत्रकारांचं जेवण करणार आहे."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "महिलांच्या सामन्याला जेवण द्यायची आपल्याकडे पद्धत नाही."

"परवानगी मागायला नाही आले, साहेब. गॅस माझ्या घरून आणीन, सामान माझं. फक्त स्वयंपाकघराची किल्ली काढून घेऊ नका."

किल्ली तशीही काकूंच्याच कमरेला असायची. सेक्रेटरींनी हात झटकले आणि विषय संपला. त्याच आठवड्यात पुरुषांच्या सामन्याला आम्हाला वाढता वाढता काकूंनी बातमी सोडली: रविवारी मुलींचा सामना, कोंबडी आहे.

रविवारी आम्ही झाडून सगळे हजर. सुट्टीवर असलेलाही आला. स्टँडमध्ये खेळाडूंचे आईबाप, काही मैत्रिणी, एक कुत्रा, आणि वर आम्ही. वास जिन्यावरून वर येत होता आणि खालच्या खेळात कुणाचं मन लागत नव्हतं. माझं तर अजिबात नाही.

मध्यंतर जवळ आलं तसे आम्ही सवयीने उठलो. पुढे असलेला बिनमिठाचे दारातच थबकला. दारात काकू उभ्या होत्या, हातात पळी. एवढ्या वर्षांत त्या वर आलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"बसा."

"काकू, जरा गर्दी व्हायच्या आत..."

"गर्दी तुमचीच असते. खाली कुलूप आहे. शिट्टी वाजेपर्यंत जेवण नाही."

आम्ही शाळेतल्या पोरांसारखे परत जागेवर बसलो. कुणी कुरकुरलं, कुणी घड्याळ बघितलं. काकू दार अडवून उभ्याच होत्या, आणि तिथून त्यांना आपल्या लेकीचा खेळ दिसत होता.

आणि तेव्हाच गोल झाला. त्यांच्या लेकीवर.

फटका साधा होता, लांबून मारलेला, दम नसलेला. बॉल तिच्यासमोर टप्पा पडून उडाला. ती खाली वाकली, बॉल हातात आला, हातमोज्यांतून निसटला, आणि ती मागे वळून झेपावेपर्यंत सावकाश घरंगळत रेषेच्या आत गेला. असा गोल खाल्ल्यावर जमिनीने पोटात घ्यावं असं वाटतं. ती गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. मला वळून काकूंकडे बघायचा धीर झाला नाही.

शिट्टी वाजली. "चला, पानं घेते," काकू म्हणाल्या, आणि आमच्या आधी जिना उतरल्या.

खाली नेहमीसारखं वाढलं त्यांनी. आम्हीच मान खाली घालून जेवत होतो. कोंबडी अप्रतिम झाली होती आणि तसं म्हणायची चोरी. मी भात दुसऱ्यांदा मागितला नाही. शेवटी बिनमिठाचेने घसा साफ केला.

"काकू, तुम्ही काळजी करू नका. त्या गोलचं आम्ही फार ताणणार नाही. दुर्दैवी गोल, एवढंच लिहू."

काकूंनी पळी पातेल्यात ठेवली. "मागच्या महिन्यात पुरुषांच्या गोलकीपरला काय लिहिलं होतं तुम्ही?"

बिनमिठाचे ताटातला रस्सा ढवळू लागला. आम्हा सगळ्यांना आठवत होतं. त्याने 'चाळणी' लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात.

"मग हिला दुर्दैवी कशाला? इतकी वर्षं खेळतेय ती. तिने अडवलेलं कुणी लिहिलं नाही, आणि तिच्या हातून सुटलेलंही कुणी लिहिलं नाही. आज तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. बघितलं ते लिहा." आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "आणि उरलेला अर्धा सामनाही बघायचा. चहा सामना संपल्यावर मिळेल."

आम्ही बघितला. बघावा लागला म्हणून सुरुवात केली आणि मग बघतच राहिलो. ती पोरगी पेटून उठली होती. एकदा चालून आलेल्या खेळाडूच्या पायांत झेपावली, एकदा बोटांच्या टोकाने बॉल वरच्या दांड्यावरून घालवला, तेव्हा बिनमिठाचे खुर्चीवरून उठून उभा राहिला. पण समोरच्या गोलपोस्टमध्ये बॉल काही गेला नाही. एका गोलने हरल्या त्या, त्याच गोलने.

मी लिहिलं. 'हातातला गोल' असा मथळा दिला, आणि खाली तिने अडवलेलं सगळंही लिहिलं. इतरांनीही लिहिलं, कुणी खरमरीत, कुणी हळहळत. सकाळी लेकीने सगळे पेपर उभ्यानेच वाचले. "धडपडली काय लिहिलंय, मी वाकले होते," एवढंच आईला म्हणाली, आणि कोपऱ्यातले हातमोजे उचलून सरावाला गेली. वाटेत किराणावाल्याने तिला थांबवून बॉल छातीशी कसा धरायचा ते शिकवलं म्हणे. त्याने जन्मात बॉलला हात लावला नसेल.

बैठकीचं मला काकूंनीच पुढच्या जेवणावेळी सांगितलं. तिथे चहा त्याच देत होत्या. ठरावाचा कागद सेक्रेटरींनी उघडला, तेवढ्यात एक म्हातारे सभासद तावातावाने म्हणाले, त्या गोलकीपरला बदलणार आहात की नाही? दुसरे म्हणाले, का बदलायचं, तिने पुढे केवढं अडवलं ते वाचलं नाही का? तिसऱ्यांचं म्हणणं, दोष बचाव फळीचा. झालं, जुंपली. सेक्रेटरी कागद हातात धरून बसले. शेवटी ठरलं ते एवढंच, की पुढच्या हंगामाआधी गोलकीपरची निवड पुन्हा घ्यायची. संघ बंद करायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

ऐकून मला वाईट वाटलं. "म्हणजे तुमच्या लेकीला काढणार?"

"काढतील की राहील, ते तिच्या हातात," काकू म्हणाल्या. "पण काढायला संघ उरला ना?"

मग त्यांनी माझं ताट पुढे ओढलं आणि मी न मागताच दुसऱ्यांदा भात वाढला.