खिळे ठोकणारी बाई आणि आमच्या घरातले लाल दोरे

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही चौघांनी घरातल्या टीव्हीवर एक भयपट पाहिला. त्यात भूत नाही हे कळल्यामुळे पहिला अर्धा तास मी मोठ्या रुबाबात बसलो होतो. चौघं म्हणजे मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि खालच्या मजल्यावरचे काका. काका रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून रविवारी आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातच असतात. सिनेमा मुलीने लावला होता. "पप्पा, डेंजर छे हां. मग मला बोलू नका," असं तिने तिच्या अर्ध्या गुजराती मराठीत आधीच सांगितलं होतं.

गोष्ट साधी होती. एका बंगल्यात नवरा-बायको राहतात. बायकोच्या वस्तू रोज जागा बदलतात. चष्मा टेबलावर ठेवावा तर तांदळाच्या डब्यात सापडतो. नवरा दर वेळी शांतपणे म्हणतो, तूच ठेवलास. त्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, नुसती पाठ आणि आवाज. हळूहळू बाईचा स्वतःवरचा भरवसा उडतो. मग ती हातोडी घेते आणि घरातली एकेक वस्तू जमिनीला ठोकत सुटते. खुर्ची, चपला, उशा, पोळपाट. शेवटी सगळं ठोकून होतं, ती खुर्चीत बसते, हातात एकच खिळा उरलेला असतो आणि ती स्वतःच्या पावलाकडे बघत राहते. संपला सिनेमा.

"हा काय शेवट झाला?" काका भडकले. "ठोकला की नाही ठोकला, तेवढं तरी सांगा! दोन तास बसवून घेतलं."

"काका, पॉइंट तो नाहीये," मुलगी म्हणाली. "नवरा आहेच नाही. ती एकटी राहते. तो आवाज तिच्या डोक्यातला आहे."

"मग भाजी कोण आणत होतं?"

मी दोघांना थांबवलं आणि निकाल दिला. नवरा आहे, सज्जन आहे, बाईलाच विसरण्याचा आजार आहे आणि तो बिचारा सांभाळून घेतोय. एवढं बोलून थांबायला हवं होतं. पण मी पंधरा मिनिटं बोललो. चष्म्याचा प्रसंग पुरावा म्हणून मांडला, तांदळाच्या डब्याचा मांडला. बोलताना माझा आवाज चढला होता म्हणे.

"पप्पा, तुम्ही त्याचे वकील आहात का?" मुलीने विचारलं.

बायको खाली बसून मेथी निवडत होती. काकांनी तिला विचारलं, "वहिनी, तुमचं काय मत?"

"मला आवडला," ती म्हणाली.

"घाबरला नाहीत?"

"घाबरायचं काय त्यात? बाई हुशार आहे. ठोकून ठेवलं की हलत नाही. मी दोरे बांधते, तिने खिळे ठोकले." आणि तिने पुढची जुडी सोडली.

सगळे हसले. मीही हसलो आणि पाणी प्यायला आत गेलो. आत पाण्याच्या मोटरच्या बटणाला लाल दोरा होता. कपाटाच्या किल्लीला लाल दोरा, दुधाच्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा, गॅसच्या बटणाला लाल दोरा. मी पाणी न पिताच परत आलो.

या दोऱ्यांविषयी सांगायला हवं. मी पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, कापड तपासतो. दिव्याच्या टेबलावरून कापडाचा अख्खा ताका सरकत जातो आणि मी त्यातला दोष शोधतो. तुटलेला धागा, रंगाचा डाग, काही सापडलं की त्या जागी किनारीला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की दोष इथे आहे. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे दोष दिव्याखाली धरून मी घर चालवलं आहे. त्या दोऱ्याचं एक रीळ मीच बायकोला आणून दिलं होतं. "जे जे विसरतेस त्याला बांधत जा, सोपं जाईल," असंही म्हणालो होतो. ती त्या वेळी कौतुकाने माझ्याकडे बघत होती. काकांना ते दोरे कुठल्या तरी बाबाचे वाटले आणि त्यांनी मला अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते परवडलं.

खरं कारण असं. मुलगी लहान होती तेव्हा जवळच्या मराठी बालवाडीत मदतनीस हवी होती. बायको दहावी झालेली, तिने अर्ज भरला. शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट तिने एका निळ्या फाइलमध्ये घालून माझ्याकडे दिली, झेरॉक्स काढायला. मी उधन्याहून शटल रिक्षात, म्हणजे चार-पाच जणांच्या शेअर रिक्षात बसलो, शेजारच्याशी कारखान्याच्या गप्पा मारत राहिलो आणि फाइल सीटवर ठेवून उतरलो. घरी आलो तर ती दारातच उभी. "झाली झेरॉक्स?" मी म्हणालो, "फाइल सकाळीच तुझ्या हातात परत दिली ना? मला वेळ नव्हता म्हणून."

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मी पाच मिनिटांत कबूल केलं असतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो आहे. पण ती गोंधळली. "माझ्या हातात?" असं म्हणून तिने गाद्या उचलल्या, धान्याचे डबे उपसले, माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आठ दिवस शोधत होती. मीही शोधत होतो! पलंगाखाली वाकून, बॅटरी लावून. अर्जाची तारीख गेली. गावच्या शाळेतून दुसरा दाखला आणता आला असता, पण त्यासाठी तो विषय पुन्हा काढावा लागला असता.

एकदा ही सोय सापडल्यावर मी ती वापरली. तिच्या भावाचा निरोप सांगायचा राहिला, तर "सांगितला होता की तुला." लग्नाची पत्रिका माझ्या पिशवीतच राहिली, तर "तूच कुठेतरी ठेवलीस." ती कपाळावर हात मारून घ्यायची. मी मोठ्या मनाने म्हणायचो, "असू दे, होतं असं."

सोमवारी कारखान्यात मी दुसरं मत घ्यायला गेलो. शेजारच्या टेबलावरचा गुजराती सोबती सिनेमाचा शौकीन, त्यानेही तो पाहिला होता.

"एमां बीवा जेवुं शुं छे, भाऊ?" त्यात घाबरण्यासारखं काय आहे, म्हणून तो हसला. "सगळ्यांच्या घरी हेच चालतं. बायडी विसरते, आपण सांगतो."

माझंच मत त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ते फार घाण वाटलं.

बुधवारी आमच्या सोसायटीतल्या पाळणाघराच्या बाई घरी आल्या. त्या मुलाकडे राहायला जाणार होत्या. "तुम्हीच सांभाळा आता. लेकरं तुम्हाला ओळखतात," असं बायकोला म्हणाल्या. बायकोचा चेहरा आधी उजळला. मग ती म्हणाली, "नको ताई. माझ्या डोक्याचा काही भरवसा नाही. एखादं लेकरू कुठे विसरून आले तर?" बाईंनी विचार करायला शनिवारपर्यंत वेळ दिला.

मी गुरुवारी कबूल करणार होतो, पण गुरुवारी तिचा उपास होता. शुक्रवारी संध्याकाळी आडून सुरुवात केली. "समज, त्या सिनेमातल्या नवऱ्याने कबूल केलं असतं तर?"

"तो कशाला मरायला कबूल करेल?" ती पोळ्या लाटत म्हणाली. "तुम्हीच तर म्हणालात, सज्जन माणूस आहे."

मग मी सांगितलं. निळी फाइल, शटल रिक्षा, सीट. सांगताना मी ओट्यावरच्या पिठाकडे बघत होतो. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली.

आम्ही घरात एरवी मराठी बोलतो. तिला खरा राग आला की अहिराणी बाहेर पडते. "काय बोली राह्यनात तुम्ही?" ती म्हणाली. "इतला वरीस माले येडी करं?"

मी रडण्याच्या बेतात होतो. तिने तेही करू दिलं नाही. गॅस बंद करून ती स्टुलावर बसली आणि चौकशी सुरू केली.

"भावाचा निरोप?"

"मीच विसरलो होतो."

"पत्रिका?"

"माझ्या पिशवीत होती."

"मोटर चालू राहून टाकी वाहिली ती?"

"मी."

"दूध उतू गेलं ते?"

"ते तूच."

"नक्की?"

"नक्की."

माझ्या 'नक्की'चं तिने काय करायचं, हे तिला कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं. खरं बोलूनही पुरावा द्यायची पाळी माझ्यावर आली होती. शेवटी मुलीला बाहेरच्या खोलीतून बोलावण्यात आलं. दुधाच्या वेळी ती घरी होती. "मम्मी, दूध तूच विसरली होतीस. फोनवर होतीस मावशीशी," तिने साक्ष दिली. मग तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, फाइलची गोष्ट ऐकली आणि मला एवढंच म्हणाली, "म्हणून तुम्ही रविवारी सिनेमावरून एवढे ओरडत होता."

शनिवारी सकाळी बायको पाळणाघराच्या बाईंकडे जाऊन हो सांगून आली. आल्यावर तिने कात्री घेतली आणि घरभर फिरली. मोटरचा दोरा कापला, किल्लीचा कापला. सगळे तुकडे माझ्या डब्याच्या पिशवीत टाकले. "तुमच्या कारखान्याचा माल आहे. घेऊन जा."

गॅसपाशी ती थांबली. कात्री उघडली, मिटली.

"हा राहू दे," ती म्हणाली. "गॅस मी खरंच विसरते. दोनदा विसरले, तुम्ही घरातही नव्हतात."

दुधाच्या पातेल्याचा दोराही तिने ठेवला. मुलीची साक्ष होती ना. मी पिशवी उचलून कामावर निघालो, तर तिने मागून हाक मारली.

"अहो, किल्ली घेतली का?"

घेतली होती, असं मला वाटत होतं. तरी मी खिसा चाचपून पाहिला, बाहेर काढून तिला दाखवली आणि मगच जिना उतरलो.