कलाबाईच्या टायरातलं पाणी

हजीऱ्याला एका कंपनीच्या कॉलनीत गवत कापायचा बुटका लाल ट्रॅक्टर होता आणि त्याच्या सीटवर अमळनेरकडची कलाबाई बसायची. पदर खोचून, पाठ ताठ. आधी ती तिथं खुरप्यानं तण काढायची. ड्रायव्हर काम सोडून गेला आणि दुसऱ्या सकाळी हिनं कुणाला न विचारता किल्ली फिरवली. तेव्हापासून सीट तिची.

पण गेस्ट हाऊसपुढच्या उतारावर पावसाळ्यात ट्रॅक्टर चढेना. मागची चाकं जागीच गरगरत, हिरवळीला काळे ओरखडे पडत. ठेकेदाराचा माणूस जयंतीभाई म्हणाला, "बेन, तुझ्यात वजनच नाय. उद्यापासून रघुनाथ बसेल."

रघुनाथ माळी अंगानं भरलेला गडी. पोटावर हात फिरवत म्हणाला, "चला, खाल्लेलं कामाला आलं."

"वजनच पाहिजे ना?" कलाबाई म्हणाली. "ते मी देस तेले."

माहेरी काळ्या रानात भाऊ ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात पाणी भरायचा, मग चाक जमीन धरायचं. तिनं जॅक लावला, चाक फिरवून व्हॉल्व्ह वर आणला, त्यातली पिन काढली आणि बागेचा पाइप लावला. मधूनच पाइप काढून आतली हवा सोडायची. टायर ढेकर दिल्यासारखा फुसकारायचा. पाणी व्हॉल्व्हपर्यंत आलं तशी थांबली, पिन बसवून वरून हवा भरली. मग दुसरं चाक.

"ट्रॅक्टरला दिवस गेले का वहिनी?" सावलीतून रघुनाथ.

"हां. बारशाले ये."

ट्रॅक्टर उतार चढला, एक ओरखडा न उठवता. जयंतीभाई खूश. "फर्स्ट क्लास. चल रघुनाथ, आता तू बस."

"वजन नव्हतं म्हणून उतरवत होते ना मला?"

"इथं सायेबांचे मेहमान येतात, बेन. बाई शोभत नाय."

कलाबाई उतरली. रघुनाथ चढून बसला. तिनं कमरेची पिशवी सोडून पिन काढायची किल्ली घेतली आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली.

"काय करते?" जयंतीभाईनं विचारलं.

"सीट तुमची, ट्रॅक्टर तुमचा. पानी मनं शे, मीच भरलेलं. ते घेऊन चालली."

पिन निघाली आणि चिळकांडी थेट जयंतीभाईच्या पांढऱ्या बुटांवर. तो मागं सरला, ती सरली नाही. टायर बसू लागला, रघुनाथ सीटवर एका अंगाला कलत गेला. समोर निम्मं गवत तसंच उभं होतं.

"ऱ्हाऊ दे, बेन," जयंतीभाई बूट झटकत म्हणाला. "तूच चालव."

ती उठली नाही. "पाइप कोन धरनार?"

रघुनाथ खाली उतरला आणि पाइप आणायला गेला.