फॅशनची जुनी चित्रं विकणारी

दोन हजार चारच्या सुमारास जर्मनीत, बॉनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ती एकोणिसाव्या शतकातल्या फॅशन मासिकांतली चित्रं विकायची. सगळ्या चिमटीएवढ्या कंबरेच्या, नजर झुकवलेल्या बायका. ती स्वतः साठीची, केस बारीक कापलेले. चित्र दोन्ही तळव्यांवर धरून दाखवायची. माझा नवरा दर शनिवारी तिच्यापाशी तासभर रमायचा. मला जर्मन येत नव्हतं. मी शेजारी उभी राहून जळायचे.

जर्मन थोडं जमू लागल्यावर मी एकटीच गेले आणि विचारलं, "माझा नवरा तुमच्याशी एवढं काय बोलतो?"

ती हसली. "बोलतो कुठे? चांगली बाई कशी, तर मान खाली, तोंड बंद, असं या चित्रांच्या काळी म्हणायचे. तो अगदी तसा उभा राहून ऐकतो. बोलते मीच."

माझं जळणं उलट वाढलं. घरी मीही बोलतच असायचे. तो ऐकायचा कुठे?